विमान गेलं तेव्हा तू म्हणालीस

१२ जानेवारी, घाटकोपर

जान्हवी,

सगळं बदललं ते विमान गेलं तेव्हा.

तू म्हणशील त्याच्या आधीच बदललं होतं. म्हण. माझ्यापुरतं सांगायचं तर तेव्हाच. टेकडीवरच्या टाकीजवळचा सीन. तू कठड्यावर बसलेली, मी समोर उभा. मृणालिनी मॅडमनी आधीच सांगितलेलं, या सीनला संवाद लिहिलेला नाही, तुम्हा दोघांना एकमेकांना जे सांगायचंय ते सांगा. मी बोलायला लागलो आणि वरून ते धूड आलं. आपल्याकडे विमानं इतकी खालून जातात की पत्रे थरथरतात. मी थांबलो नाही. माझ्याबरोबर राहशील का, हे मी विमानाच्या वर आवाज काढून विचारलं. तू एकच शब्द बोललीस. बस. मी येऊन तुझ्या शेजारी बसलो. "बसलो," असं बोललोसुद्धा. मॅडम कट म्हणून टाळ्या वाजवायला लागल्या.

पंधरवड्यात तू बंगळूरला. माझा नंबर ब्लॉक. शेजारी बसायला सांगणारी मुलगी अशी उठून जाते का गं?

हे कागदावर लिहितोय कारण श्रुतिका तुझा पत्ता देत नाही. "लिहून दे, मी पाठवते," म्हणाली. "कागदावर निदान ओरडता तरी येत नाही." तुझी मैत्रीण आहे, पण बॅण्डमध्ये कीबोर्ड माझ्या शेजारी उभी राहून वाजवते, थोडी तरी माझी असायला हवी होती.

परवा आम्हाला पिक्चरचा रफ कट दाखवला. तू नव्हतीस म्हणून सांगतो. नाव ठरलं, 'उताराची गल्ली'. झोपडपट्टीतला रेगे बॅण्ड, आपलीच गोष्ट, आपणच आपली कामं केलेली. पडद्यावर आपली गल्ली बघून मला पहिल्यांदा कळलं की ती किती अरुंद आहे. रोज आपण कसे जात होतो तिथून गिटार घेऊन? नळावरच्या बायका आहेत, इस्त्रीवाला आहे, भजीवाल्याच्या कढईचा आवाज मॅडमनी मुद्दाम ठेवलाय, गाणं त्यातूनच सुरू होतं. आणि तो सीन ज्यात सगळी गल्ली कॅमेऱ्यात बघत होती, आठवतं? मॅडम ओरडून ओरडून दमल्या, "अहो, कॅमेऱ्याकडे बघू नका," आणि माझी आई म्हणाली, "तो आमच्याकडं बघतोय, तर आम्ही का नको?" ते ठेवलंय. सगळे हसले. आई सोडून. तिला अजून कळलेलं नाही त्यात हसण्यासारखं काय होतं.

माणिक ढोलकीवर पहिला ठोका मारतो आणि मी त्याच्यावर चिडतो, तेही ठेवलंय. लोकांना रेगे म्हणजे काय ते त्यातून कळेल म्हणे. पहिला ठोका सोडायचा, जागा रिकामी ठेवायची, तिसऱ्यावर वजन टाकायचं. माणिक बिचारा लहानपणापासून भीमगीतांच्या पार्टीत वाजवलेला, त्याचा हात पहिल्यावर पडणारच. पिक्चरमध्ये मी त्याला म्हणतो, "सोड रे ती मात्रा, तुझ्या बापाची नाय ती." एवढा आवाज चढवलेला मला आठवत नव्हता.

शेवटचा सीन आपला. टाकीजवळचा. विमानाचा आवाज तसाच आहे, नुसती घरघर. तुझे ओठ हलतात, मी बसतो, पिक्चर संपतो. अंधारात कुणीतरी नाक ओढलं. मला वाटलं मीच.

एकदा फोन कर. नाहीतर अनब्लॉक तरी कर, मी करतो.

सम्यक


२१ जानेवारी

जान्हवी,

आज एक फोन आला, तो होता तसा लिहितो.

"सम्यकदादा? मी दीप्ती, अंधेरीहून. तुमच्या पिक्चरचे इंग्रजी सबटायटल मी करते. एक शब्द विचारायचा होता. बस."

"विचारा की."

"नाही, तोच शब्द. बस."

"मग काय?"

"बस म्हणजे बस, की बस?"

मला वाटलं कुणीतरी फिरकी घेतंय. शिवी देणार होतो, दिली नाही, बाई माणूस होती. मग तिने समजावलं. बस म्हणजे खाली बस, की बस म्हणजे पुरे. मराठीत चालून जातं, इंग्रजीत एकच काहीतरी लिहावं लागतं. सिट किंवा इनफ.

मी हसलो. "अहो, मी लगेच बसलो ना! दिसतंय पडद्यावर. पुरे म्हटल्यावर कोण बसतं?"

"हो, ते बरोबर आहे. पण जान्हवीमॅडमचा चेहरा बघितला तर..."

"चेहरा तसाच आहे तिचा."

मग ती म्हणाली की तिने आधी तुला विचारलं होतं. म्हणजे तू तिचा फोन उचललास! सबटायटलवालीचा उचललास. आणि तू काय सांगितलंस तेही तिने सांगितलं: "ज्याला म्हटलं त्याला विचारा. त्याला माहीत आहे."

मला माहीत आहे? काय माहीत आहे मला?

मी दीप्तीला म्हटलं, ती जागा रिकामी ठेवा. सबटायटल नकोच. आपण मात्रा सोडतो तसं. ती म्हणाली, "दादा, ओठ हलताना खाली काही आलं नाही तर बाहेरच्या लोकांना वाटतं मशीन बिघडलं."

म्हणून सरळ सांगितलं, सिट लिहा. सिट डाऊन. डाऊनची जागा नसेल तर नुसतं सिट.

मॅडम खूश आहेत. त्यांचा मेसेज आला, एवढा मोठा. शेवट उजळ होतो म्हणे, दोन गल्ल्यांतली पोरं, कुठलं आडनाव कुठलं गाव, शेवटी शेजारी बसतात. वर्सोव्याला पहिला शो ठेवलाय, तुला विमानाचं तिकीट पाठवणार, आपल्या दोघांना स्टेजवर शेजारी बसवणार. तुझ्या दिंडोशीच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांना पास देणार, तुझ्या बाबांनाही. बाबांनी बघावंच. मला त्या दिवशी दारात उभं करून आडनाव विचारलं, ऐकलं, आणि "बरं बरं, गाणंबिणं ठीक आहे" म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला. आता पडद्यावर बघू देत, त्यांची पोरगी काय म्हणते ते. एवढ्या मोठ्या अक्षरांत. सिट.

पण तू दीप्तीला तसं का सांगितलंस?

सम्यक


२ फेब्रुवारी

जान्हवी,

श्रुतिकाशी भांडलो. तुला आतापर्यंत कळलंच असेल, तरी माझ्याकडून ऐक.

सिट लिहायला सांगितलं असं मी तिला खुशीत सांगायला गेलो. ती खोलीतली आपली वायर गुंडाळत होती. (खोली सोडावी लागणार, म्हणजे आपली प्रॅक्टिसची खोली, जुनी पिठाची गिरणी. मालकाला तिथे मोबाइलचं दुकान काढायचंय. भिंतीतून अजून पीठ गळतं, माझा ॲम्प कायम पांढरा असतो.) वायर तशीच हातात धरून म्हणाली, "तू खरंच एवढा येडा आहेस, की मुद्दाम?"

मी म्हटलं, "तिच्या बाबांनी तिला पाठवलं बंगळूरला. माझ्यापासून लांब. आडनाव ऐकल्यावरच ओळखलं होतं मी."

"बाबांचं नाव पुढे करू नकोस, सम्या. बाबांना ती वर्षभर तोंड देत होती. जेवायला बसत नव्हते तिच्यासोबत, तरी देत होती. तुला सांगितलं का कधी?"

सांगितलं नव्हतंस.

"आणि मग तू तिच्या बिल्डिंगखाली जाऊन काय केलंस?"

मी काय केलं? मी नुसता उभा होतो. तू फोन उचलत नव्हतीस, रिहर्सलला आली नव्हतीस, मला वाटलं कोंडून ठेवलंय. हाक मारली. आवाज थोडा मोठा झाला असेल. वॉचमनने हात धरला म्हणून त्याला ढकललं, तो कुंडीवर पडला, कुंडी आधीच तडकलेली होती. तुझ्या बाबांना काय बोललो ते इथे लिहीत नाही, तू ऐकलंयस, सगळ्या बिल्डिंगने ऐकलंय. पण माझी काय चूक, त्यांनी काय केलं होतं ते तरी बघ!

श्रुतिका म्हणाली, "तिला त्या दिवशी ताप होता. तापाने झोपली होती ती. त्यानंतर घरात कुणाला तोंड देणार? कशाच्या जोरावर? बाबा म्हणत होते तसाच निघालास तू."

मी स्टूल लाथाडलं. तिला लागलं नाही. स्टूल मोडलं. ती वायर घेऊन निघून गेली, म्हणजे आता हे पत्र पोचवील की नाही देव जाणे. पोचवील. तशी आहे ती.

कॉलेज सोडलं तेव्हाही असंच कायतरी मोडलं होतं मी. तेव्हा तू हसली होतीस.

एकच विचारतो. आपला टाकीवरचा सीन या सगळ्यानंतरचा. तू शूटिंगला आलीस. आलीस ना? मला वाटलं तू आलीस म्हणजे झालं ते झालं. पिक्चर अर्धा सोडायचा नाही म्हणून आली होतीस का?

सम्यक


१३ फेब्रुवारी

जान्हवी,

यावेळी काही मागायचं नाही. लिहायला कोणी नाही म्हणून लिहितोय.

माणिक लग्नाच्या बॅण्डमध्ये लागलाय. सीझन आहे. काल हायवेच्या कडेने वरातीत दिसला, भला मोठा लाल कोट, पहिल्या ठोक्यावर जीव खाऊन मारत होता. मला बघून हसला. "इथं सोडायला लागत नाय रे काय!" ओरडला. मी पण हसलो. वरात पुढे गेली आणि मी तिथेच उभा, हातात दुधाची पिशवी.

खोलीत एकटाच वाजवतो. बेस गिटार एकट्याने वाजवायचं वाद्यच नाही गं. तू गात नसलीस, श्रुतिकाचा कीबोर्डवरचा तो उलट्या मात्रेचा टणत्कार नसला, की नुसतं कुणीतरी दुसऱ्या खोलीत पलंग सरकवतंय असं वाटतं. आई वर आली होती डबा घेऊन. ऐकत बसली. पहिल्यापासून तिचं एकच म्हणणं, तुमचं गाणं लंगडतंय. आज म्हणाली, "आज लंगडत नाही रे. आज चालतच नाही."

मग डबा उघडून म्हणाली, "ती पोरगी फोन करते का?"

"नाही."

"मला करते," म्हणाली. "सणासुदीला. तिच्या आजीने केलेलं काकडीचं धोंडस पाठवलं होतं बघ, ते तिनेच." आणि भाकरी मोडत राहिली.

तू आईला फोन करतेस. मला राग यायला हवा होता. खरंच वाट बघितली मी रागाची, आला नाही. मी विचारलं, माझं काही विचारते का? आई म्हणाली, "जेवतोस का विचारते. मी हो म्हणते."

सगळ्यांना दिसत होतं का, माझ्याशिवाय?

सम्यक


२६ फेब्रुवारी

जान्हवी,

मॅडमनी डबिंगला बोलावलं होतं. टाकीवरच्या सीनमध्ये विमानामुळे दोघांचे आवाज गेलेत, ते परत भरायचे. मी नसतो गेलो तर दुसऱ्या कुणाकडून माझा आवाज भरणार होते, नाटकातला कुणी आहे म्हणे, स्वच्छ बोलतो. तू तुझं बंगळूरला करून पाठवलंस हे तिथे गेल्यावर कळलं.

अंधेरीची गल्ली, तिसरा मजला, आत गार खोली आणि एवढासा पडदा. मॅडम होत्या, साउंडवाला होता, कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन दीप्ती. फोनवर वाटली त्यापेक्षा लहान आहे. मला बघून अर्धवट उठली. मला हेडफोन दिला. डबिंगमध्ये असं असतं की कानात तीन टिक वाजतात, आणि चौथी जिथे वाजायला हवी तिथे ती वाजत नाही, तिथे आपण बोलायचं. साउंडवाला समजावत होता, काही जणांना दिवसभर जमत नाही. मला पहिल्या फटक्यात जमलं. आयुष्यभर रिकाम्या जागेवरच वाजवलंय.

माझे आधीचे संवाद झाले. माझ्याबरोबर राहशील का, ते झालं. विमान नसलं की केवढं ओरडलो होतो ते कळतं. मी हळू आवाजात केलं. साउंडवाला म्हणाला, ओठांना जमत नाही, तोंड मोठं उघडलंय तुम्ही. मग तसंच ओरडून केलं. बंद खोलीत तुझ्यावर ओरडल्यासारखं वाटलं, आणि तू तर तिथे नव्हतीसही.

मग तो म्हणाला, आता जान्हवीमॅडमचा डायलॉग कानात देतो, त्याच्यावर तुम्ही तुमचं म्हणा. "एकच टेक दिलाय त्यांनी," म्हणाला, "पण एकदम परफेक्ट."

विमान नाही. काहीच नाही. तुझा श्वास, आणि, बस.

रिक्षात तू म्हणायचीस. दिंडोशीचं कोर्ट गेलं की वळणाच्या अलीकडे पुढे वाकून रिक्षावाल्याला, "बस, इथेच." पुढे तू एकटी चालत जायचीस, बाबा गॅलरीत असायचे म्हणून, आणि मी त्याच रिक्षाने माघारी. कधी रागाने म्हणाली नाहीस. ठिकाण आलं की माणूस म्हणतो तसं म्हणायचीस. तोच आवाज होता. मी परत लावायला सांगितलं. परत तेच. तिसऱ्यांदा नाही सांगितलं.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. आपटला नाही. श्रुतिकाला सांग.

दीप्तीला म्हटलं, "सिट काढा. इनफ लिहा."

मॅडम एकदम वळल्या. "सम्यक, थांब. घाई करू नकोस. शब्द तर दोन्ही अर्थाचा आहे, तिने कुठे नाही म्हटलंय? सिट ठेवू या. सगळा पिक्चर त्या एका शब्दावर उभा आहे रे."

"तिला विचारलंत तुम्ही. तिने मला विचारा सांगितलं. मी सांगतोय."

"आणि तू बसतोस त्याचं काय? ती पुरे म्हणते आणि तू शेजारी जाऊन बसतोस? लोक हसतील. तुला हसतील, आम्हाला नाही."

"हसू देत."

"वर्सोव्याला हॉल भरलेला असेल. तुझ्या आईसमोर."

खोटं कशाला सांगू, तेव्हा सगळा हॉल डोळ्यांसमोर आला. आई, माणिक, सगळी गल्ली, तुझे बाबा. मी मरमरून विचारतोय, तू पुरे म्हणतेयस, खाली अक्षरं येतायत, आणि मी कुत्र्यासारखा येऊन बसतोय, वर आणि 'बसलो' म्हणतोय. पण दुसरं काय करायचं? सिट लिहिलं की तुझ्या सगळ्या बिल्डिंगपुढे, स्टेजवर, परदेशातसुद्धा, तू मला बस म्हणालेली असणार, कायमची. तू खोडायला येणार नाहीस, ते मला कळलंय. तू माझ्यावर सोडलंस. का सोडलंस देव जाणे, मी तुझ्या जागी असतो तर माझ्यावर सोडलं नसतं.

मग दीप्ती कोपऱ्यातून म्हणाली, "दादाची पाठ आहे कॅमेऱ्याकडे. बसताना. ओठ दिसत नाहीत."

साउंडवाल्याने सीन मागे घेतला. खरंच. माझी पाठ, मळका शर्ट, माझ्या खांद्यावरून तुझा चेहरा. 'बसलो' माझ्या ओठांवर कुणाला दिसणारच नव्हतं. साउंडवाला म्हणाला, "मग काही पण टाकता येईल. एक शब्द मावेल. दीड."

मॅडम म्हणाल्या, "काय म्हणशील?" चिडून नव्हे. खरंच विचारत होत्या.

मला वेळ हवा होता, पण तिथे भाडं तासावर असतं. हेडफोन घातला. पडद्यावर तू. मला तेव्हा दिसली नव्हतीस तशी दिसलीस, डोळ्यांखाली काळं, तापातून उठल्यासारखी. मी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. पहिली टिक, दुसरी, तिसरी. तुझा आवाज आला. बस.

मी म्हणालो, "बरं."

पडद्यावर माझी पाठ खाली आली आणि तुझ्या शेजारी टेकली, खूप चाललेल्या माणसासारखी. कोणी हसलं नाही.

साउंडवाला म्हणाला, "अजून एक घेऊ या? सेफ्टीला?"

मी नको म्हटलं. दीप्तीने विचारलं, "बरंला काय लिहू, दादा? ओके?" मी म्हटलं तुम्हाला बरं वाटेल ते लिहा. ती हसली नाही, विचार करत राहिली. मॅडमनी मला हात केला, थांब, चहा मागवलाय. मी मान हलवली आणि उठलो. त्या खोलीचं दार गादी लावलेलं, जड असतं, दोन हातांनी ओढावं लागतं. मी बाहेर आलो आणि ते नीट लागेपर्यंत ओढलं.